कोपर किती खाली?

आमच्या जिममध्ये वजनावरून कधी भांडण होत नाही. बार २० किलोचा, प्लेटा जागच्या जागी धरणाऱ्या दोन्ही कॉलर मिळून ५, पुढच्या प्लेटा ज्याच्या त्याने मोजाव्यात. भांडणं होतात ती अंतरावरून. बसला तो पुरता बसला का, बार छातीवर आला तेव्हा हात खरंच वाकले होते का, शेवटी गुडघे सरळ झाले की झाल्यासारखे वाटले. पॉवरलिफ्टिंग बाहेरून बघणाऱ्याला जगातला सगळ्यात सोपा खेळ वाटतो. जास्त उचलेल तो जिंकला, संपलं. पण 'उचललं' कधी म्हणायचं यावर आमचे दोन-दोन चहा होतात, आणि टिळक रोडच्या ज्या अमृततुल्यात आम्ही बसतो तिथल्या पोऱ्यालाही आता अर्धं नियमपुस्तक पाठ झालं असेल.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्वॉट म्हणजे बार पाठीवर घेऊन बसायचं आणि उठायचं, बेंच प्रेस म्हणजे बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलायचा, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं. प्रत्येकाच्या तीन संधी. तिन्हींतल्या सगळ्यात जड मान्य वजनांची बेरीज म्हणजे टोटल. मंचाभोवती तीन पंच, प्रत्येकाच्या हाताशी पांढऱ्या आणि लाल दिव्याचं बटण. दोन पांढरे लागले की लिफ्ट मान्य. मी अधूनमधून जिल्ह्याच्या स्पर्धांना बाजूच्या खुर्चीवर बसतो, त्यामुळे चहाच्या टपरीवर माझ्याशी भांडायला येणाऱ्यांची रांग इतरांपेक्षा मोठी असते.

स्क्वॉटचा नियम एका ओळीचा. खाली बसल्यावर खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला पाहिजे. समपातळीत चालत नाही. लिहायला एवढं सोपं, पण बघायला महाकठीण. खालच्या टोकाला माणूस क्षणभर असतो. तेवढ्यात स्पॉटरचा, म्हणजे बार सावरायला उभ्या असलेल्या मदतनिसाचा, हात आडवा येतो, सिंगलेटला, त्या अंगासरशी पोशाखाला, चुणी पडते, जाड मांडीच्या माणसाचा खुबा नेमका कुठे मोडतो ते शोधेपर्यंत तो उठायला लागलेला असतो. शिवाय तुमचा डोळा कुठे आहे यावर अर्धा निकाल ठरतो. मुलं मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून जमिनीवर, समोरून तिरका ठेवतात. तिथून गुडघा जवळ, खुबा लांब, आणि कॅमेरा दोघांच्याही खाली. मग गुडघा आहे त्यापेक्षा वर दिसतो आणि स्क्वॉट आहे त्यापेक्षा खोल. मी खुर्चीवर ताठ बसलो तर माझे डोळे त्याच्या गुडघ्याच्या बरेच वर, आणि सगळं उलटं होतं: जवळचा गुडघा खाली उतरल्यासारखा दिसतो, खुबा वर लटकलेला. म्हणून स्क्वॉट सुरू झाला की मी खुर्चीतच वाकतो, जवळजवळ स्वतःच्या मांडीवर डोकं ठेवतो. प्रेक्षकांत कुजबुज होते की पंचांना डुलकी लागली. नंतर मुलगा मोबाइल घेऊन येतो, "दादा, बघा ना, केवढी डेप्थ आहे!" तो खोटं बोलत नसतो. त्याच्या मोबाइलला तेच दिसलेलं असतं.

बरं, एवढं खाली जायचा आग्रह कशाला? कारण वरचं अंतर फुकट असतं. पाय जेवढे सरळ तेवढी तरफ आपल्या बाजूने, आणि चार बोटं वर थांबण्याची मुभा असेल तर दोन्ही बाजूंना एकेक प्लेट सहज वाढते. पुण्यातल्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सातला जा, बारवर डोंगर रचून गुडघ्याला जेमतेम बाक देणारे चार वीर भेटतील. रेघ आखली नाही तर स्पर्धा ताकदीची राहत नाही, कोण कमी वाकतो याची होते.

तालमीत हा प्रश्न नव्हता, असं आमच्याकडे येणाऱ्या एका वस्तादांचं म्हणणं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, तरुणपणी पेठेतल्या तालमीत घुमलेले. त्यांची बैठक म्हणजे टाचा उचलून, ढुंगण टाचांना टेकेपर्यंत. त्याच्या खाली जायला जागाच नाही. "अहो पंच, पुरती बैठक मारायला लावा, मग तुम्ही लागताच कशाला?" म्हणण्यात दम आहे. शरीर जिथे थांबतं तिथेच नियम नेऊन ठेवला की बघणं सोपं. पण पाठीवर २०० किलो असताना ते करायला सांगितलं तर घोटे आणि खुबे किती सैल आहेत याचीच परीक्षा होईल. ज्याची मांडी लांब आणि धड आखूड, तो बिचारा पुढे झुकून झुकून नमाजाला बसल्यासारखा दिसेल आणि ताकद असूनही बाद होईल. नियमाने मधला रस्ता काढला तो मला पटतो. प्रत्येकाला त्याच्याच गुडघ्याशी मोजायचं. सहा फुट्याला त्याचा गुडघा, पाच फुटीला तिचा.

वस्तादांचं दुसरं हत्यार कुस्ती. मातीतल्या कुस्तीत निकाल कोणी द्यावा लागत नाही, पाठीला लागलेली माती देते. पाचशे माणसं बघतात, हरलेला उठतो, त्याच्या दोन्ही खांद्यांवर लाल माती असते, वाद मिटला. मला या गोष्टीचा हेवा वाटतो, कारण आमच्या खेळात असा पुरावा मागे उरत नाही. स्क्वॉट खाली गेला आणि वर आला; शरीरावर काही डाग नाही, मंचावर खूण नाही. उरतात फक्त तीन डोळस माणसांची मतं.

अर्थात कुस्तीतही आता ते दिवस राहिले नाहीत, हे वस्तादांना मी दर वेळी ऐकवतो. जानेवारी २०२३ मध्ये इथेच कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागाच्या लढतीत एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून जो गदारोळ झाला तो महिनाभर व्हॉट्सअॅपवर संथ गतीने, पुढे-मागे करून बघितला गेला. डाव मातीवरच झाला होता, पण प्रश्न चितपटीचा नव्हता, गुणांचा होता, आणि गुणांना माती लागत नाही. पुढे २०२५ मध्ये अहिल्यानगरला गादी (मॅट) विभागाच्या अंतिम लढतीत तर थेट चितपटीवरूनच पेटलं. खांदे टेकले की नाही, यावरून प्रकरण पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेलं. वस्ताद म्हणतात, "गादीवर माती असती तर दिसलं असतं." हसण्यावारी नेण्यासारखं वाक्य नाही ते. दोन्ही खांदे टेकले पाहिजेत हा नियम दोन्हीकडे सारखाच होता. फरक एवढाच की एका ठिकाणी तो सगळ्यांना दिसत होता.

माझं मत हळूहळू इथे येऊन थांबलं आहे: चांगला नियम सगळ्यात न्याय्य असेलच असं नाही, पण तीन वेगळ्या खुर्च्यांवरून तो सारखा दिसला पाहिजे. न्याय कागदावर कितीही बारीक कातरता येतो. डोळ्याला तेवढं बारीक कातरता येत नाही. आणि खेळाने डोळ्याच्या पुढे नियम पळवला की काय होतं याचं उदाहरण आमच्या सख्ख्या भावकीतच आहे.

ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये एकेकाळी तीन प्रकार होते. स्नॅच, क्लीन अँड जर्क आणि क्लीन अँड प्रेस. प्रेस म्हणजे बार खांद्यावर घ्यायचा आणि पायांचा झटका न देता, ताठ उभं राहून, केवळ हातांच्या जोरावर डोक्यावर न्यायचा. ताकदीची त्याहून शुद्ध कसोटी कुठली! पण वजनं वाढली तसे लिफ्टर मागे झुकायला लागले. आधी थोडे, मग कंबर पुढे ढकलून एवढे, की उभ्या उभ्याच बेंच प्रेस चालला आहे असं वाटावं. किती झुकणं चालेल याचे शब्द नियमात होते, पण एक पंच ज्याला लाल द्यायचा त्यालाच दुसरा पांढरा. शेवटी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस काढूनच टाकला. नियम सुधारला नाही, प्रकारच गेला. गंमत म्हणजे आमच्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएफ, त्याच १९७२ सालची. एका घरातला वाद मिटला त्याच वर्षी शेजारच्या घराची पायाभरणी झाली आणि तिथे तोच वाद राहायला आला.

तो आला बेंच प्रेसमध्ये. बाकावर झोपायचं, डोकं, खांदे आणि कुल्ले बाकाला टेकलेले, पाय जमिनीवर सपाट. पंचाने 'स्टार्ट' म्हटलं की बार छातीवर आणायचा, तो स्थिर झाला की 'प्रेस', वर जाऊन हात सरळ झाले की 'रॅक'. पाठ बाकाला टेकली पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही. मग खांद्याची पाती आवळून, पाय रोवून पाठीची कमान करायची, म्हणजे छाती वर येते आणि बारला यायचं अंतर कमी होतं. यात लबाडी काही नाही. कमान खांद्यांना जपते, ती सगळेच करतात, मीही करतो, फक्त माझी कमान पाहून आमचे सर म्हणतात की याखालून मुंगीही जाणार नाही. पण अंग लवचीक, हात आखूड, आणि मुठी जास्तीत जास्त लांब, असे तिन्ही योग एकत्र आले की बारला जेमतेम चार बोटं उतरावं लागायचं. कोपर वाकलं न वाकलं तोच 'प्रेस'. असे व्हिडिओ जगभर फिरले. त्यांत बहुतेक मुली असायच्या, आणि खाली ज्या भाषेत लिहिलं जायचं ते ताकदीच्या चिंतेपोटी नव्हतं हे न सांगताही कळत होतं.

आयपीएफने जानेवारी २०२३ पासून नवा नियम आणला. बार छातीवर असताना दोन्ही कोपरांची खालची बाजू त्या त्या बाजूच्या खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीला आली पाहिजे किंवा तिच्याखाली गेली पाहिजे. नीट वाचलं तर नियम मवाळ आहे. कोपराची खालची बाजू आणि खांद्याची वरची बाजू, म्हणजे दोन्ही सांध्यांची जाडी खेळाडूच्या पदरात टाकली आहे; आणि स्क्वॉटमध्ये न चालणारी समपातळी इथे चालते. आमच्याकडे मात्र पहिल्या आठवड्यात बातमी पसरली ती 'आता आर्चवर (कमानीवर) बंदी' अशी. एकाने तर पाठ सपाट टेकवून बेंच मारायला सुरुवात केली आणि खांदा दुखवून घेतला.

४७ किलो गटातली एक मुलगी आमच्याकडे आहे. धायरीहून स्कूटीवर येते, कॉलेजची बॅग आणि बेल्ट एकाच खांद्याला. तिची कमान बघून नवखे लोक घाबरतात. नियम आला तेव्हा तिने सरांना विचारलं, "सर, म्हणजे माझे आधीचे बेंच खोटे होते का?" सर म्हणाले, "तेव्हाच्या नियमात खरे, आता परत खरे कर." मग तर्जनी बारवरच्या पकडीच्या मर्यादेच्या खुणेवरून हटली, मुठी दोन्हीकडून आत आल्या, कमान थोडी उतरली. वजन पडलं, ती चिडली, दोन महिने बेंचच्या दिवशी कोणाशी बोलायची नाही. पुढे दंडांनी नवं काम शिकून घेतलं आणि आकडे परत आले. तिच्या आईला हे सगळं गूढ होतं. त्या मला म्हणाल्या, "काल चालत होतं ते आज चालत नाही, हे काय वीजबिल आहे का?"

त्या माउलीला मी उत्तर दिलं नाही, पण विचार करत राहिलो. नियमामागचा हेतू मला मान्य. चार बोटांच्या बेंचला पांढरा दिवा देताना माझाही हात जड व्हायचा. माझी तक्रार जागेची आहे. बेंचला मुख्य पंच डोक्याकडे बसतो, बाजूचे दोघे तिरके. बार छातीवर आला की ४५ सेंटीमीटर व्यासाच्या प्लेटा बरोबर खांदा आणि कोपर यांच्या पातळीला येऊन उभ्या राहतात. ज्या सरळ बाजूने ही तुलना स्वच्छ दिसली असती तिथे भिंत. त्यात टी-शर्टखाली खांद्याचा सांधा नेमका कुठे संपतो आणि दंडाचा स्नायू कुठे सुरू होतो, हे एका क्षणात सांगणारा पंच अजून माझ्या बघण्यात नाही. स्क्वॉटला निदान खुबा आणि गुडघा एकाच मांडीच्या दोन टोकांना असतात, मध्ये एक सरळ रेघ आहे. इथे मनाने रेघ ओढावी लागते. म्हणजे प्रेसच्या झुकण्याच्या दिशेने एक पाऊल.

आणि मुळात दुखणं कमानीत कमी आणि पकडीत जास्त होतं, असं मला वाटतं. बारवर दोन खुणा असतात. दोन तर्जन्यांमधलं अंतर त्या खुणांच्या बाहेर, म्हणजे ८१ सेंटीमीटरच्या पलीकडे, नेता येत नाही. हा आकडा सगळ्यांना सारखा. १२० किलोच्या वरच्या गटातल्या पैलवानाला आणि धायरीच्या मुलीलाही. आता साधी भूमिती करू. समजा तिचा हात खांद्यापासून मुठीपर्यंत ५० सेंटीमीटर आणि दोन खांद्यांच्या सांध्यांमध्ये ३०. ८१ वर पकडलं की हात इतके फाकतात की पूर्ण सरळ असतानाच बार खांद्यांच्या वर साधारण ४३ सेंटीमीटरवर असतो. ५० मधले ७ आधीच गेले. पैलवानाचा हात ६५ आणि खांदे ४२ धरले तर त्याच पकडीत बार ६२ वर. त्याचे जेमतेम ३ गेले. ती मुठी आत घेऊन ६५ वर आली तर तिचा बार ४७ च्या आसपास जातो. ज्या लिफ्टचं सगळं अंतरच दहा-बारा सेंटीमीटर आहे तिथे हे चार म्हणजे पाव-अर्धा डोंगर. स्क्वॉटमध्ये प्रत्येकाला स्वतःच्या गुडघ्याशी मोजणारा खेळ पकडीत मात्र सगळ्यांना एकाच पट्टीने मोजत होता, आणि लहान चणीच्या मुली त्या पट्टीचा पूर्ण हक्क वसूल करत होत्या. त्यात त्यांचं काय चुकलं? कोपराचा नियम खरं तर पकडीचाच नियम आहे, फक्त मागच्या दाराने आलेला.

डेडलिफ्टबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथला वाद मला कंटाळवाणा वाटतो. पाय फाकवून, हात पायांच्या आत ठेवून उचलणं म्हणजे सुमो; त्यात बारला कमी उंची चढावी लागते, म्हणून 'सुमो म्हणजे चीटिंग' हा विनोद प्रत्येक जिममध्ये आठवड्यातून एकदा नव्याने जन्माला येतो. बार सगळ्यांसाठी जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर असतो, पाय कुठे ठेवायचे यावर नियम गप्प आहे, आणि शेवटी गुडघे सरळ व खांदे मागे आले की 'डाउन'. हे तिन्ही खुर्च्यांवरून दिसतं. सुमोत जमिनीवरून बार हलवतानाच जीव निघतो, तो किमान हललाच नाही तर कोणालाही दिसतं. स्ट्राँगमनवाल्यांनी सुमोवर बंदी घातली, त्यांची मर्जी. आमच्याकडे ज्याला सुमो फुकटचं वाटतं त्याने उद्यापासून सुमो करावं. बहुतेकांचे खुबे पहिल्याच दिवशी मत बदलतात.

मागच्या आठवड्यात पकडीचा माझा तोडगा मी सरांपुढे मांडला. वजन घेतानाच प्रत्येकाच्या रॅकची, म्हणजे बार ठेवायच्या घोडीची, उंची लिहून घेतात, स्क्वॉटची आणि बेंचची. त्याच टेबलावर खांद्यांची रुंदी टेपने मोजा, तिच्या ठरावीक पट पकड द्या, आकडा त्याच कागदावर लिहा. पकड बार उचलण्याआधी दिसते, हात हलत नसतात, तिन्ही पंच आरामात बघू शकतात; कोपर शोधत बसायला नको. वस्तादांना ते लगेच पटलं. सर बराच वेळ कपातल्या साईकडे बघत होते.

"बारवर प्रत्येकासाठी वेगळी खूण कोण करणार?"

"रंगीत टेप."

"चॉक आणि घामाने निघेल."

"मग निघेल तेव्हा परत लावू."

"आणि खांदे मोजताना काय होईल ठाऊक आहे?" सरांनी खांदे मागे खेचले, पाती फुगवली, मान आत घेतली आणि खुर्चीवर एकदम दीडपट रुंद झाले. "रुंदी जास्त तर पकड जास्त. सगळे असेच येतील टेबलापाशी. मग खांदे ढिले आहेत की फुगवलेले, हे बघायला अजून तीन पंच बसव."

धायरीची मुलगी शेजारच्या टेबलावर बन-मस्का खात होती. तिने बशी बाजूला ठेवून तसंच करून बघितलं आणि म्हणाली, "काका, मला किती मिळेल?"